चिठ्ठीत निघालेली बाजू : पैनगंगेकाठच्या एका वर्गातलं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या उत्तर काठाला असलेल्या एका कला महाविद्यालयातलं आहे. गाव, महाविद्यालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत, काही ठिकाणी नातं बदललं आहे. मी तिथे राज्यशास्त्र शिकवते. यातले बरेचसे निर्णय माझे होते, म्हणून 'मी' असंच लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे नदी ओलांडली की मराठवाडा लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तिथे निजामाचं राज्य होतं आणि पैनगंगा ही सरहद्द होती. कागदावर पाहिलं तर अलीकडचा काठही निजामाचाच. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला, आणि १९३६ च्या करारात इंग्रजांनी वऱ्हाडावरचं निजामाचं सार्वभौमत्व मान्य करून त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी दिली. सार्वभौमत्व शिकवताना मी हे आवर्जून सांगते. आपल्या आज्याच्या वावराचा धनी कागदावर एक आणि कचेरीत दुसरा होता हे ऐकलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात 'मानवतावादी हस्तक्षेप' हा घटक आहे. एखादं सरकार आपल्याच लोकांना मारत असेल तर बाहेरच्या देशाने सैन्य घेऊन आत शिरावं का, आणि शिरल्यास तो गुन्हा ठरतो का, असा हा प्रश्न. गाइडमध्ये तो दीड पानात उरकलेला आहे आणि मुलं तो तसाच पाठ करतात.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष सुरू होत होतं. आमच्या वर्गात एक तृतीयांश मुलं नदीपलीकडून एसटीने येतात. त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं सतरा सप्टेंबरला झेंडा असतो. हितं निस्ता शनिवार." त्याचे पणजोबा निजामाच्या तुरुंगात होते. कॉलेजात त्या दिवशी काहीतरी व्हावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला फार आनंद झाला. पुस्तकातला विषय आपल्या नदीकाठी येऊन उभा राहतोय असं वाटलं, आणि मी त्याच्या साध्या मागणीची वादविवाद स्पर्धा करून टाकली.

विषय ठरला: 'परक्या राज्यातली जनता वाचवण्यासाठी लष्कर पाठवणं न्याय्य आहे'. तीन उदाहरणं: हैदराबाद १९४८, पूर्व बंगाल (आजचा बांगलादेश) १९७१, लिबिया २०११. प्रत्येकी एक वक्ता बाजूने, एक विरोधात. सहा चिठ्ठ्या मी माझ्या जेवणाच्या डब्यात टाकल्या.

'हैदराबाद, विरोधी बाजू' ही चिठ्ठी जिच्या हाती आली, ती त्या वर्गातली एकटी मुसलमान मुलगी. चिठ्ठी उघडून तिने माझ्याकडे पाहिलं. "अवघड बाजू आहे, पण मार्क चांगले मिळतील," असं मी म्हणाले आणि पुढच्या मुलापुढे डबा धरला. तिने काही विचारलं नाही. मीही नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय तिथे झाला, आणि तो निर्णय आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तयारीचे दोन आठवडे

हे दिवस मला आजही आवडतात. मुलांनी गाइड बाजूला ठेवलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) फळ्यावर लिहिलं: कोणत्याही राज्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, तशी धमकीही द्यायची नाही. त्याला सनदेत अपवाद दोनच. कलम ५१ प्रमाणे स्वसंरक्षण, आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने दिलेली परवानगी. 'लोकांना वाचवण्यासाठी' असा तिसरा अपवाद सनदेत कुठेच नाही. निकाराग्वाच्या खटल्यात १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही सांगितलं की मानवी हक्कांचं पालन करून घेण्यासाठी बळाचा वापर हा योग्य मार्ग होऊ शकत नाही.

"म्हणजे मरू द्यायचं?" नदीपलीकडचा मुलगा. हैदराबादची अनुकूल बाजू त्याला निघाली होती, आणि त्याने रवांडा काढला. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, आणि त्याच एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवायच्या ऐवजी कमी केली. कोणीच बेकायदा शिरलं नाही, कायदा शाबूत राहिला. त्या दिवशी वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही.

पूर्व बंगालच्या जोडीने चांगली मेहनत घेतली. २५ मार्च १९७१ ला पाकिस्तानी लष्कराने सुरू केलेली कत्तल, भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर केलेले हल्ले, १६ डिसेंबरची शरणागती. एका मुलाने घरच्या ट्रंकेतून आज्याचं जुनं पाकीट आणलं. त्यावर कुटुंबनियोजनाचं पाच पैशांचं तिकीट होतं आणि तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असा काळा छाप. त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांसाठी पाच पैसे जादा लागत. पाकीट बाकांवरून फिरलं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी वावरात राबणाऱ्या माणसाने पत्रामागे पाच पैसे दिले होते. मुलांनी ते पाकीट फार जपून हाताळलं.

पण त्याच जोडीतल्या विरोधी मुलीने ७ डिसेंबर १९७१ चा आमसभेचा ठराव काढला. युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या, असं सांगणारा तो ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला होता. भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी सुरक्षा परिषदेत पूर्व बंगालच्या जनतेला यातनांतून सोडवण्याचा शुद्ध हेतू सांगितला होता. तरी भारताने कायद्याचा मुख्य आधार घेतला तो स्वसंरक्षणाचा. "मग आपल्याच देशाला हा तिसरा अपवाद नको होता का?" असं तिने विचारलं. प्रश्न मोलाचा होता. १९९९ मध्ये नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी गटाने परिषदेच्या परवानगीविना कोसोव्हो प्रांतासाठी युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बहल्ले केले, तेव्हा ते थांबवा म्हणणाऱ्या रशियाच्या ठरावाला भारताची साथ होती. २०११ मध्ये लिबियासाठी रीतसर परवानगी देणारा ठराव क्रमांक १९७३ आला, तेव्हा परिषदेत बसलेला भारत तटस्थ राहिला. कोसोव्होनंतरच्या स्वतंत्र आयोगाने ती कारवाई 'बेकायदेशीर पण समर्थनीय' ठरवली. हे वाक्य वर्गाला अजिबात पटलं नाही. "असं कसं चालंल मॅडम, चोरी हाय पन चांगली हाय?"

हैदराबादचं प्रकरण आणखी गुंतलेलं, कारण तिथे पहिलाच वाद असा की हा 'परका देश' होता का. भारताच्या लेखी हा घरातला मामला, म्हणून नाव 'पोलीस ॲक्शन'. निजामाच्या लेखी तो स्वतंत्र राज्यावरचा हल्ला. त्याने २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली, तीही सदस्य नसलेल्या राज्यांसाठीच्या कलम ३५(२) खाली. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक भरली आणि १७ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. पाच दिवसांनी त्याने तारेने तक्रार मागे घेतली. प्रश्न कायद्याने सुटला नाही, मैदानात संपला.

त्याआधीचं वर्ष मात्र रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचं होतं. लातूरचा वकील कासीम रझवी त्यांचा म्होरक्या. लूट, जाळपोळ, खून, बायकांवरचे अत्याचार. त्यांच्या भीतीने पळून येणारी माणसं आमच्या नदीने पाहिली आहेत.

काय बिघडलं

सोमवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. हैदराबादची विरोधी बाजू निघालेल्या मुलीचं भाषण पाच मिनिटांचं होतं. वक्तृत्वाच्या पद्धतीप्रमाणे तिने सुरुवातीलाच आपली बाजू ठणकावून सांगितली: हैदराबादवर सैन्य पाठवणं आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. 'माझं ठाम मत आहे' हे शब्द मी शिकवलेले. स्पर्धेत बाजू कोणतीही असो, ती स्वतःची असल्यासारखी मांडायची, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले.

वर्गातल्याच एकाने तालमीचं चित्रण केलं होतं. त्यातली पहिली चाळीस सेकंदं रात्री आठपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर होती आणि दहापर्यंत गावाच्या चार गटांवर. चिठ्ठी, स्पर्धा, उरलेली चार मिनिटं वीस सेकंदं, यातलं काहीच त्यात नव्हतं. दिसत होती ती ओढणी घेतलेली एक मुलगी, आणि तिचं ठाम मत.

मंगळवारी सकाळी प्राचार्यांचा फोन आला. मी घाईने कॉलेजला गेले आणि एक खुलासा टाइप करून नोटीस बोर्डावर लावला, गटांवरही टाकला: सदर विद्यार्थिनीची बाजू चिठ्ठीद्वारे ठरली होती, तिची ती वैयक्तिक मतं नाहीत, ती अभ्यासू व गुणी विद्यार्थिनी आहे. खाली विभाग, वर्ग आणि माझी सही. चित्रण अंधुक होतं, चेहरा नीट ओळखू येत नव्हता आणि गावात बहुतेकांना मुलगी कोण हे ठाऊक नव्हतं. माझ्या नोटिशीनंतर दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं.

बुधवारी सात-आठ जण प्राचार्यांना भेटायला आले. बहुतेक तरुण होते, आवाज चढलेले. त्यांच्यात पलीकडच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ होते, धोतर आणि टोपीतले. ते उभेच राहिले. खुर्ची पुढे केली तेव्हा म्हणाले, "आमचं घर जाळलं व्हतं, मॅडम. माझी आत्या व्हती, ह्या पोरीच्याच वयाची..." आणि थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. या लोकांना भडकवलेले लोक म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. या माणसाच्या बाबतीत ते खोटं ठरलं असतं.

समोर असलेले पर्याय

प्राचार्यांचं म्हणणं, कार्यक्रम रद्द करा. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते चुकीचं नव्हतं. पण रद्द करायचं म्हणजे मुलीने काहीतरी वाईट केलं, हे कॉलेजने मान्य केल्यासारखं होतं.

संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने सुचवलं की फक्त मुक्तिसंग्रामाचा गौरव ठेवा, वादविवाद नको. नदीपलीकडच्या मुलाची मूळ मागणी हीच होती आणि ती रास्त होती. मी ती तेव्हाच मान्य केली असती तर पुढचं घडलं नसतं. पण आता तसं करणं म्हणजे तिला वगळणं.

हैदराबाद गाळून पूर्व बंगाल आणि लिबिया ठेवावं, असा तिसरा पर्याय सहकाऱ्यांनी दिला. यावर मी एक रात्र काढली. लांबच्या देशाचं दुःख आपण निर्धास्तपणे चर्चेला घेतो. त्रिपोलीत काय झालं यावरून आमच्या गावात कोणाचं डोकं फुटणार नाही. पण हस्तक्षेप योग्य की अयोग्य हे ज्यांच्या घरावरून तो गेला त्यांना विचारायचं नसेल, तर हा घटक शिकवायचाच कशाला?

चौथा पर्याय चित्रण पसरवणाऱ्या मुलावर कारवाईचा, गरज पडल्यास पोलिसांत तक्रारीचा. मला स्वतःला तेव्हा हा फार योग्य वाटत होता. राग आला होता.

या चारही पर्यायांत एक गोष्ट सारखी होती, ती मला गुरुवारपर्यंत दिसली नाही. एकातही तिला विचारलेलं नव्हतं.

काय केलं

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती दोन दिवस कॉलेजला आली नव्हती. आजोबा ओट्यावर बसले होते. चहा झाला. मी तक्रारीचं बोलायला लागले, तसं त्यांनी हात वर केला. "मॅडम, तुमी नोटीस लावली ते चांगल्यासाठीच लावली, मले मालूम हाय. पन पोरीले इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं.

मग त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली, त्यांच्या घरात सांगत आलेली. ती लोकं पलीकडच्या एका खेड्यातली. निजाम शरण गेल्यावर आठ-दहा दिवसांनी रात्रीतून निघाली. शेजारच्या पाटलाने बैलगाडीत कडब्याखाली घालून नदीपर्यंत पोचवलं. सप्टेंबरात आमची नदी डोंग्याशिवाय पार होत नाही. भोयाची उतराई माणशी अधोली ज्वारी. ज्वारी अजून पोटरीत होती, जुनी संपलेली. आईने कानातले काढून पुढे केले. भोई म्हणाला, राहू दे, उन्हाळ्यात आलेल्यांनीही नाही दिली. उन्हाळ्यात आले होते ते रझाकारांच्या भीतीने आलेले, दुसऱ्या धर्माचे.

नात दाराआड उभी राहून ऐकत होती. ही गोष्ट तिला माहीत होती आणि तिच्या पाच मिनिटांच्या भाषणात या गोष्टीचा एक शब्दही नव्हता. तिने घरचं दुःख मांडलं नव्हतं. तिने पंडित सुंदरलाल समितीचा दाखला दिला होता. नेहरूंच्या सरकारनेच पाठवलेली ही समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद संस्थानात फिरली. कारवाईच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आमच्या समोरचा नांदेड होता. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, आणि काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं, ही दोन्ही अहवालातली नोंद. सरकारने तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही.

मी तिला पहिल्यांदा विचारलं, तुला काय हवं आहे? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, कार्यक्रम व्हायला हवा. चित्रण काढणाऱ्या मुलाची तक्रार नको, त्याला तिचं पूर्ण भाषण वाचायला द्या. आणि ते बाबा, ज्यांचं घर जाळलं, त्यांनाही द्या. "मी बोलीन. पण माझं ठाम मत आहे असं म्हणणार नाही. मला मत नाहीये मॅडम, प्रश्न आहेत."

शुक्रवारी मी तिच्या हस्ताक्षरातली चार पानं घेऊन एसटीने पलीकडे गेले. ते गृहस्थ चष्मा लावून पारावर बसून वाचत राहिले, बोट ओळीखाली ठेवून. तिसऱ्या परिच्छेदात रझाकारांनी काय केलं ते होतं, नेमकं आणि न टाळता लिहिलेलं. तिथे थांबून म्हणाले, "हे खरं हाय. हे खाली काहून लिवलं? हे वर पाह्यजे." पुढे समितीच्या आकड्यांशी आले. ते दोनदा वाचले. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "येतो मी शनिवारी."

त्या संध्याकाळी फोनवर हे सांगितल्यावर तिने तो परिच्छेद वर घेतला.

शनिवारचा कार्यक्रम

स्पर्धा नाही, मार्क नाहीत, बाजू नाहीत. सकाळी नदीपलीकडच्या मुलांनी झेंडा लावला, हुतात्म्यांना अभिवादन झालं. मग वाचनालयात बंद दाराआड सव्वीस जण बसले. मोबाइल बाहेर एका टोपलीत. ते गृहस्थ आणि तिचे आजोबा पुढच्या दोन खुर्च्यांवर.

तिने आधी तो परिच्छेद वाचला, मग आकडे, मग तीन प्रश्न. आत जाण्याचा अधिकार कोणी दिला? आत गेल्यावर रात्री पहारा कोणी दिला? आणि वाचवणारा जर राखू शकला नाही, तर त्याला कोणापुढे उभं करायचं?

तासाभराच्या चर्चेत दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यांना धरून ठेवलं. २००१ मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने 'संरक्षणाची जबाबदारी' ही कल्पना मांडली, तेव्हा तिचे तीन भाग होते: आधी टाळणं, मग गरज पडल्यास कारवाई, आणि नंतर पुन्हा उभं करणं. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने आपल्या जाहीरनाम्याच्या परिच्छेद १३८ आणि १३९ मध्ये ही कल्पना स्वीकारली. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक शुद्धीकरण आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे एवढ्यांपुरती, आणि कारवाई सुरक्षा परिषदेच्या मार्फतच. तिसरा भाग त्या परिच्छेदांत तसा राहिला नाही. लिबियाच्या जोडीने इथे आपली बाजू जोडली. १७ मार्च २०११ चा ठराव नागरिकांच्या संरक्षणासाठी होता, ऑक्टोबरात लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मारला गेला, त्या महिन्याच्या अखेरीस नाटोने मोहीम संपवली आणि देश टोळ्यांच्या हाती गेला. पूर्व बंगालच्या मुलीने सांगितलं की भारतीय फौजा १९७२ च्या मार्चमध्ये परत निघाल्या. लवकर निघणं ही शुद्ध हेतूची खूण, की पहारा उठवणं? त्यावर एकमत झालं नाही.

नदीपलीकडच्या मुलाने आपलं भाषण वाचलं नाही. तो एवढंच म्हणाला की सैन्य आलं नसतं तर त्याचे पणजोबा तुरुंगातून जिवंत सुटले नसते, हे त्याला कोणापुढेही मान खाली घालून सांगायचं नाही. तिने मान हलवली. मलाही त्याचंच म्हणणं पटतं. रझाकारांचा अंमल बळाशिवाय संपणार नव्हता आणि १३ सप्टेंबरला फौजा आत गेल्या हे योग्य झालं. १७ सप्टेंबरनंतर त्याच फौजांच्या हद्दीत जे घडलं त्याची जबाबदारीही त्याच राज्यसंस्थेची होती, आणि पहिलं बरोबर म्हणून दुसरं माफ होत नाही.

ते दोन वृद्ध एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. जाताना गृहस्थांनी विचारलं, "गाव कोनतं तुमचं, तिकडलं?" आजोबांनी नाव सांगितलं. "ठाऊक हाय," म्हणाले. एसटीची वेळ झाली होती.

पुढे काय झालं

गावात काही घडलं नाही. चित्रण काढणारा मुलगा तिच्या घरी जाऊन आला. चाळीस सेकंदं मात्र फोनमधून पुसली गेली नाहीत, पुढच्या वर्षी सप्टेंबरात ती पुन्हा एका गटावर आली.

तिने पदवी घेतली, त्या पेपरात वर्गात सर्वांत जास्त मार्क तिचे. पण त्या शनिवारनंतर ती कॉलेजच्या कोणत्याही मंचावर उभी राहिली नाही. दुपारी चारनंतर थांबायची घरून परवानगी गेली, वाचन मंडळही सुटलं. वडिलांना दोष देता येत नाही. संस्थेने तोंडी सांगितलं की यापुढे 'असे' विषय घेऊ नयेत. मी लेखी आदेश मागितला, तो आला नाही. मी हा घटक अजून हैदराबादसहच शिकवते.

काय वेगळं करता आलं असतं

चिठ्ठ्या टाकायच्या नव्हत्या. आपली नसलेली बाजू मांडायला शिकणं मोलाचं आहे, हे मी आजही मानते. पण चिठ्ठी सगळ्यांना सारखी नसते. तीच बाजू दुसऱ्या मुलाच्या हाती गेली असती तर ती 'अवघड बाजू' राहिली असती. तिच्या हाती आल्यावर लोकांनी ती तिची जात-धर्म म्हणून वाचली. हे मला आधी दिसायला हवं होतं, निदान तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तरी. आता मी बाजू निवडायला सांगते, आणि निवडलेली बाजू बदलण्याची मुभा आदल्या दिवसापर्यंत ठेवते.

नोटीस ही या सगळ्यातली माझी सर्वांत मोठी चूक. हेतू चांगला होता, अधिकार होता, घाईही खरी होती. जिला वाचवायचं ती दोन किलोमीटरवर घरी बसली होती आणि तिला एक फोन करायला दोन मिनिटं पुरली असती. ते न करता मी तिच्या वतीने बोलले, तिची ओळख गावभर पोचवली आणि संध्याकाळी स्वतःच्या धैर्यावर खूश होऊन झोपले. कायदेशीरपणा आणि नैतिकतेबद्दल तिसऱ्या वर्षाला मी जे शिकवते, त्यातला संमतीचा मुद्दा मला फळ्यावर नीट सांगता येत होता.

पोलीस तक्रार टाळली हे योग्य झालं की नाही, यावर माझं आणि प्राचार्यांचं अजून जुळत नाही. त्यांचं म्हणणं, तक्रार झाली असती तर पुढच्या वर्षी चित्रण फिरलं नसतं. असेलही. पण तक्रार नको हा तिचा स्पष्ट शब्द होता, आणि तोपर्यंत मी एकदा तिला न विचारता वागून चुकले होते.

बंद दाराबद्दल मात्र मी अजून स्वतःशी वाद घालते. त्या खोलीत जे बोललं गेलं ते सव्वीस जणांनी ऐकलं, आणि चाळीस सेकंदं हजारोंनी. दार उघडं ठेवलं असतं तर ते दोन वृद्ध आले असते का? बहुधा नाही.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. ती आता लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आहे, एका शाळेत शिकवते. मसुदा वाचून तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत. भाषणाची ती चार पानं, तिसऱ्या परिच्छेदापाशी वर जाणारा बाण काढलेली, तिने परत मागितली. झेरॉक्स न काढता पाठवून दिली.